झोंबी, ऊन आणि तुळजापूरची वाट

‘झोंबी आले तर जगायला कोणता व्यायाम करावा?’ असा एका ओळीचा प्रश्न गेल्या अंकात छापला होता. उत्तर या अंकात देऊ म्हटलं, तर तेवढ्यात सोलापूरकरांनी आणखी प्रश्न धाडले. थट्टेला आमची हरकत नाही. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रानेही मे २०११ मध्ये झोंबींचंच निमित्त करून लोकांना आपत्तीची तयारी शिकवली होती. आम्ही गृहीत धरलंय ते एवढंच : वीज नाही, पेट्रोल नाही, नळाला पाणी नाही आणि घर सोडून पायी निघायचंय.

पोलीस भरतीची तयारी करतोय. १६०० मीटर ५ मिनिटं २० सेकंदांत मारतो. ग्रुपमधली पोरं म्हणतात, ‘काय बे, झोंबी आले तर तूच वाचणार.’ एवढं पुरेल का?
*– वय १९, जुळे सोलापूर*

भरतीला पुरेल. १६०० मीटर ३२० सेकंदांत म्हणजे ताशी १८ किलोमीटर, वेग चांगला आहे. पण रेघ ओलांडल्यावर काय करता? गुडघ्यांवर हात टेकून पाच मिनिटं वाकून उभे राहता. भरतीच्या मैदानावर ते चालतं.

झोंबी दोन जातींचे मानतात. पळणारे असतील तर त्यांच्यापुढे कोणीच फार वेळ टिकणार नाही. स्नायूंत साठवलेली झटपट ताकद दहाएक सेकंदांत संपते, त्यामुळे पहिल्या ६०-८० मीटरमध्ये दार गाठता आलं तर आलं. लंगडत सरकणाऱ्यांचं गणित वेगळं आहे. ते ताशी ३ किलोमीटर चालतात असं धरू. तुम्ही ताशी साडेपाचने झपाझप चाललात तर तासाभरात अडीच किलोमीटर पुढे जाल. पण पाय धरला म्हणून ५० मिनिटं बसलात, की तो पोचला. शिवाय तो झोपत नाही. ताशी ३ च्या हिशेबाने त्याचे २४ तासांत ७२ किलोमीटर होतात, म्हणजे जवळजवळ सोलापूर ते पंढरपूर. तेव्हा तुमच्या १६०० मीटरपेक्षा तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्हाला बूट घालता येतो का, हे जास्त महत्त्वाचं.

आठवड्यात दोनदा पळा. एकदा ४० मिनिटं सावकाश, म्हणजे पळता पळता अभंगाची एक अख्खी ओळ न तुटता म्हणता आली पाहिजे. तुटली तर वेग जास्त आहे. दुसऱ्यांदा ८० मीटरच्या सहा धावा, प्रत्येकीनंतर चालत परत येऊन दोन मिनिटं विश्रांती. या धावांआधी १५ मिनिटं अंग गरम केलंच पाहिजे. थंड अंगाने पूर्ण वेग घेतला की मांडीच्या मागचा स्नायू धरतो आणि पुढचे तीन आठवडे गेले. पहिल्या दोन धावा ताकदीच्या सत्तर टक्क्यांवरच ठेवा.

रविवारी लांब चालणं. दहा आठवड्यांची अंतरं किलोमीटरमध्ये अशी : ८, १०, १२, मग उतरून ८, नंतर १४, १७, २०, मग उतरून १२, शेवटी २४ आणि २८. मधले उतरलेले आठवडे आळशीपणा म्हणून गाळू नका. दम आणि स्नायू लवकर तयार होतात, हाडं आणि कंडरा (स्नायू हाडाला बांधणारे दोर) मागून येतात. त्यांना वेळ दिला नाही की नडगीच्या आतल्या कडेला दुखायला लागतं. पसरट दुखत असेल तर अंतर निम्मं करा. एका बोटाने दाबता येईल अशा एकाच ठिकाणी कळ येत असेल तर हाडाला बारीक चीर असू शकते. चालणं-पळणं बंद करून डॉक्टरांना दाखवा.

२८ जमल्यावर शनिवार-रविवार लागोपाठ १८-१८ करून बघा. खरी परीक्षा ती.

मे महिन्यात सकाळी साडेनऊला पळायला गेलो आणि भोवळ आली. पण झोंबी काय ऊन उतरायची वाट बघणार नाहीत. उन्हातच सराव करायला हवा ना?
*– वय ३४, विजापूर रोड*

करायला हवा, पण मे महिन्यात सुरुवात करून नव्हे. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो. त्या वेळी नव्याने सुरुवात करणाऱ्याला शरीर तयार करायला उसंतच मिळत नाही.

शरीराला उन्हाची सवय १० ते १४ दिवसांत लागते. रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, घाम लवकर सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. त्यामुळे तेवढ्याच वेगाला हृदयाची धडधड कमी राहते. फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चच्या सुरुवातीला, सकाळी नऊनंतर, पहिल्या दिवशी २० मिनिटं नुसतं चाला. रोज पाचेक मिनिटं वाढवत तासाभरापर्यंत या. या पंधरवड्यात वेग वाढवायचा नाही; ऊन हाच त्या दिवसाचा व्यायाम. नंतर दोन-तीन आठवडे पंख्याखाली काढले की कमावलेलं बरंचसं जातं, म्हणून आठवड्यातून दोन वेळा तरी उन्हात निघत राहा. भर दुपारी मात्र नको. जी सवय सकाळच्या उन्हात लागते ती लावायला दुपारचा धोका पत्करण्यात शहाणपण नाही.

पाणी किती प्यायचं याचं उत्तर वजनकाट्यावर मिळतं. निघण्याआधी लघवी करून, कमीत कमी कपड्यांत वजन घ्या. तासभर चालून आल्यावर घाम पुसून पुन्हा घ्या. एक किलो उतरलं आणि मध्ये अर्धा लिटर प्यायला असाल तर तुमचा घाम तासाला दीड लिटर. पुढच्या वेळी दर १५-२० मिनिटांनी दीडशे-दोनशे मिलिलिटरचे घोट घ्या. वजन जाण्याआधीपेक्षा वाढलेलं दिसलं तर पाणी जास्त झालं. चार-पाच तास नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होऊन डोकं दुखतं, ओकाऱ्या येतात, माणूस बरळतो. आणि लोक त्याला ‘ऊन लागलं’ म्हणून आणखी पाणी पाजतात. दोन तासांहून जास्त चालणार असाल तर सोबत मीठ-साखरेचं पाणी ठेवा : एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकू नका. जास्त झालं तर फायदा सोडाच, अपाय होतो.

भोवळ आली त्या दिवशी तुम्ही थांबलात हे बरं केलं. सावलीत आडवं होऊन पाय वर केले की साधी भोवळ उतरते. पण बोलणं असंबद्ध झालं, चाल झोकांड्या खायला लागली, अंग तापून फणफणलं तर तो उष्माघात, मग घाम येत असला तरी. आधी अंग थंड करा, गाडी येईपर्यंत थांबू नका. पाण्याचा हौद किंवा टाकी असेल तर माणसाला धरून गळ्यापर्यंत बसवा. नसेल तर ओली चादर, वारा आणि काखेत-जांघेत बर्फ. १०८ ला फोन त्याच वेळी दुसऱ्याने करावा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये. आणि खिशातला कांदा खायला चांगला. खिशात ठेवून ऊन थांबत नाही.

झोंबीसाठी लाठी बरी की कुऱ्हाड?
*– वाचक, बाळीवेस*

लाठी. चालताना टेकायला होते.

आमच्याकडे नळाला तीन-चार दिवसांआड पाणी येतं. घागरी, बादल्या भरून तिसऱ्या मजल्यावर नेते. वेगळा व्यायाम करायची गरज आहे का? आणि पळायची वेळ आली तर पाठीवर किती घ्यावं?
*– वय ३६, वजन ५५ किलो, अशोक चौक*

ताई, तुमचा निम्मा अभ्यासक्रम झालेला आहे. जिममध्ये पैसे भरून लोक दोन्ही हातांत वजनं घेऊन चालतात, तेच तुम्ही करता. फक्त त्यात शिस्त आणायची.

एका हातात भरलेली बादली आणि दुसरा हात मोकळा, असं कायम त्याच बाजूने नेलं तर कंबरेची एक बाजू धरते. १५ लिटरची एक बादली नेण्यापेक्षा ७-८ लिटरच्या दोन न्या, किंवा दर मजल्याला हात बदला. उचलताना बादली दोन्ही पावलांच्या मध्ये आणा, गुडघे वाकवा आणि पाठ सरळ ठेवून उठा. कंबर धरते ती बहुतेक वेळा ठेवताना. भरलेली बादली हातात असताना बाजूच्या ओट्याकडे कमरेतून वळू नका, पावलं फिरवून अख्खं अंग वळवा. जिना चढताना श्वास कोंडू नका. रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी तर मुळीच नाही.

पाणी येत नाही त्या दिवसांत आठवड्यातून दोनदा सराव. पाच-पाच लिटरचे दोन कॅन घेऊन ४० पावलं जायचं, ४० पावलं यायचं, दीड मिनिट थांबायचं, अशा पाच खेपा. दोन आठवड्यांनी कॅनमध्ये लिटर-लिटर वाढवत दहा-दहापर्यंत जा. बहुतेकांची मूठ आधी सुटते, पाय नंतर थकतात. मुठीसाठी कॅन हातात धरून नुसतं ३० सेकंद उभं राहणंही चालतं.

पाठीवरच्या ओझ्याला वजनाच्या पाचव्या भागाची मर्यादा पाळा, म्हणजे तुमच्यासाठी ११ किलो. सुरुवात ५ किलोने करा आणि दोन आठवड्यांनी एक-एक किलो वाढवा. अंतर आणि ओझं एकाच आठवड्यात वाढवू नका. दुखापती तिथेच होतात.

११ किलो पटकन भरतात. चार लिटर पाणी म्हणजे चार किलो. कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि गूळ मिळून दीड किलो. या बाबतीत सोलापूर इतरांच्या पुढे आहे. कडक भाकरीत पाणी नसतं म्हणून ती हलकी आणि टिकाऊ. चटणीत तेल-शेंगदाणे म्हणजे थोड्या वजनात जास्त ताकद. पण ही जोडी कोरडी आहे, तिला पाणी लागतं हे हिशेबात धरा. कपडे, टॉवेल, औषधं, बॅटरी, दोरी यांचे तीन किलो. उरलेल्या अडीचमध्ये अंथरूण. सोलापुरी चादरीचा अभिमान आम्हालाही आहे, पण ती एकदा काट्यावर ठेवून बघा, मग भिजवून बघा. जाड सुती कापड पाणी धरून ठेवतं आणि वाळायला दिवस घेतं. एकेरी पातळ चादर आणि वरून प्लॅस्टिकचा कागद, एवढं बास.

जड वस्तू बॅगेत मधोमध, पाठीला चिकटून, खांद्याच्या फळ्यांच्या उंचीवर ठेवा. तळाशी गेल्या तर बॅग मागे ओढते आणि माणूस मान पुढे काढून चालतो. तासाभरात खांदे पेटतात. कमरेचा पट्टा असलेली बॅग घ्या आणि तो कमरेच्या हाडावर आवळा. पट्टा नसेल तर जुन्या ओढणीने बॅग कमरेला बांधली तरी बराच फरक पडतो.

तरुणपणी तालमीत रोज ५०० बैठका मारायचो. तीस वर्षं यंत्रमागावर उभा राहिलो, आता गुडघे बोलतात. नातू झोंबीचं सांगून चिडवतो. परत सुरू करू का?
*– वय ५८, साखर पेठ*

काका, सुरू करा, पण ५०० हा आकडा विसरून. जुनी सवय डोक्यात राहते, स्नायूंत राहत नाही. मोठ्या खंडानंतर एकदम शेकड्याने बैठका मारल्या तर मांडीचे स्नायू अक्षरशः फुटतात आणि त्यांतलं प्रथिन मूत्रपिंडात अडकतं. मांड्या सुजून कडक झाल्या आणि लघवी काळ्या चहासारखी झाली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं, दुखण्याची गोळी घेऊन झोपायचं नाही. हे विशीतल्या पोरांनाही होतं. पैजेवर हजार बैठका मारणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं.

संक्रांतीला सिद्धेश्वराच्या मिरवणुकीत उंच, जड नंदीध्वज पेलणाऱ्यांकडे बघा. वर्षानुवर्षं ध्वज उचलणारेही गड्ड्याच्या यात्रेआधी काही आठवडे पुन्हा सराव करतात. ‘गेल्या संक्रांतीला पेलला होता’ यावर कोणी थेट मिरवणुकीत उतरत नाही.

पहिले चार आठवडे, एक दिवसाआड : खुर्चीवरून हात न टेकता उठायचं-बसायचं, ८ वेळा, असे तीन फेरे. बसताना तीन आकडे मोजत हळू बसा. धपकन बसण्यात गुडघ्याचा व्यायाम होत नाही, नुसता धक्का बसतो. मग जिन्याच्या एकाच पायरीवर चढ-उतार, प्रत्येक पायाने दहा. जोर जमिनीवर न मारता स्वयंपाकाच्या ओट्याला हात टेकून दहा. शेवटी भिंतीजवळ एका पायावर उभं राहणं, ३० सेकंद जमेपर्यंत. दुखणं दहापैकी तीनपर्यंत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कालच्याइतकंच असेल तर चालू ठेवा. सकाळी गुडघा सुजलेला दिसला तर निम्मं करा. चार आठवड्यांनी खुर्चीऐवजी पाट घ्या. पूर्ण बैठक त्यानंतर, तीही दहा-दहाने.

मुद्गल घरात असेल तर काढा. तीन-चार किलोचाच घ्या. खांदे आणि मूठ दोन्हींना त्याच्याइतकं चांगलं साधन जिममध्येही क्वचित सापडतं. फिरवताना कोपर कानाजवळ ठेवा. ते बाहेर फाकलं की खांद्याच्या पुढच्या भागात कळ येते.

मला कंपाउंडची भिंत चढता यायला हवी. भुईकोट किल्ल्याच्या तटावर सराव केला तर चालेल का?
*– वय १५, रेल्वे लाईन्स*

नाही. ती संरक्षित वास्तू आहे. दगड निसटला तर किल्ल्याचंही नुकसान आणि तुझंही. शाळेच्या मैदानावरचा आडवा बार पुरेसा आहे. मल्लखांब शिकवणारं कोणी जवळ असेल तर सगळ्यात उत्तम.

आधी बारला नुसतं लटकायचं. ४० सेकंद जमलं की स्टुलावर चढून हनुवटी बारच्या वर आणायची आणि पाच आकडे मोजत खाली यायचं, असं पाचदा. खाली येताना स्नायू जास्त ताण पेलतो, म्हणून वर ओढता न येणाऱ्यालाही यातून ताकद येते. दीड-दोन महिन्यांत पहिली पूर्ण ओढ निघते.

सहा फुटी भिंतीला नुसते हात पुरत नाहीत. चार-पाच पावलं धावत ये, शेवटचं पाऊल भिंतीपासून हातभर अंतरावर पडू दे. एका पायाचा तळवा कमरेच्या उंचीवर भिंतीला लाव आणि त्याच पायाने वरच्या दिशेला रेट. त्याच क्षणी दोन्ही हात वर. काठ सापडला की आधी एक कोपर वर टाक, मग छाती, मग पाय. बहुतेकांचं चुकतं ते रेटण्यात : भिंतीला लाथ मारली की अंग मागे फेकलं जातं. आधी वर काचा किंवा तार नाही ना, हे पाहून घे. चढण्याआधी पाठीवरची बॅग पलीकडे टाकू नकोस, भिंतीवर ठेव. चढता आलं नाही तर पाणी पलीकडे आणि तू अलीकडे.

उतरताना उडी मारायची नाही. काठाला लटकून हात पूर्ण लांब कर, म्हणजे पाय जमिनीपासून फारसे वर राहत नाहीत. मग सोड आणि गुडघे वाकवून चवड्यांवर उतर. घोटे मोडतात ते उतरतानाच. पहिला महिना कोणीतरी मोठं माणूस शेजारी हवं.

पहाटे पाचला पळायला निघतो तर मोकाट कुत्री मागे लागतात. आमचे झोंबी हेच!
*– वय ४१, होटगी रोड*

उपमा तुम्हाला वाटते त्याहून नेमकी आहे. चावल्याने, लाळेतून पसरणारा आणि मेंदूवर ताबा घेऊन प्राण्याला अंगावर धाडणारा आजार खरोखर आहे. त्याचं नाव रेबीज. लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, पण वेळेवर लस घेतली तर तो टाळता येतो.

कुत्रं धावून आलं तर पळू नका. थांबा, डोळ्याला डोळा देऊ नका, अंग थोडं तिरपं करून सावकाश मागे सरका. हातात बाटली किंवा टोपी असेल तर ती मध्ये धरा. चावलंच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून. ही १५ मिनिटं फार जण पाळत नाहीत. हळद, चुना, तिखट काही लावू नका, घट्ट पट्टी बांधू नका. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात लस घ्या. कातडीत द्यायच्या लसीचे दिवस ०, ३, ७ आणि २८. दंडात घेतली तर ०, ३, ७, १४ आणि २८. रक्त आलं असेल तर जखमेत आणि भोवती वेगळं प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं, ते आठवणीने विचारा. दोन डोस झाले, कुत्रं जिवंत आहे, म्हणून स्वतःच्या मनाने पुढचे सोडू नका.

कोजागिरीला दर वर्षी तुळजापूरला चालत जातो. दम पुरतो, पण तीसेक किलोमीटरनंतर पायाला फोड येतात आणि शेवटी गाडी धरावी लागते. झोंबी आले तर गाडी कुठली?
*– मित्रमंडळ, नवी पेठ*

४५ किलोमीटरची ही वाट म्हणजे या सदरातल्या सगळ्या प्रश्नांची चाचणी परीक्षाच. ती दर वर्षी आयती मिळते.

फोड घासण्याने येतो असं म्हणतात, ते अर्धंच खरं. कातडी बुटाला चिकटून राहते, आतलं हाड पुढे-मागे सरकतं आणि मधला थर फाटून तिथे पाणी भरतं. ओलसर कातडी जास्त चिकटते, म्हणून घाम हा खरा शत्रू. निम्मा उपाय मोज्यात आहे. सुती मोजा घाम धरून ठेवतो. पातळ नायलॉनचा किंवा खेळाचा मोजा घाला आणि त्यावर दुसरा, म्हणजे घासणं दोन मोज्यांमध्ये होतं, कातडीत नाही. दर दहा किलोमीटरला मोजे काढून पाय वाळवा आणि कोरडी जोडी घाला. ओली जोडी बॅगेला बाहेरून टांगा.

बूट संध्याकाळी विकत घ्या, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. नवा बूट यात्रेआधी किमान ८० किलोमीटर चाललेला असावा. नखं दोन-तीन दिवस आधी सरळ कापा. आदल्या रात्री कापली तर कोपरे बोचतात.

कुठेतरी चुरचुरायला लागलं की तिथेच थांबा. ‘पुढच्या चहाच्या टपरीवर बघू’ म्हणणाऱ्याचाच फोड होतो. पाय पुसून कोरडा करा, त्या जागेवर कागदी चिकटपट्टी सुरकुती न पडू देता लावा आणि कोपरे गोल कापा, नाहीतर मोज्याला अडकून ती गुंडाळली जाते. फोड लहान असेल तर फोडू नका. मोठा होऊन पाऊल टाकवत नसेल तर साबणाने धुवा, निर्जंतुक सुईने काठाशी दोन बारीक छिद्रं पाडा, कापसाने दाबून पाणी काढा, वर स्वच्छ पट्टी लावा. मधुमेह असणाऱ्यांनी हे वाटेत करू नये, उपचार केंद्रावर जावं. आणि फोडावरची मेलेली कातडी ओढून काढू नका; खालच्या कच्च्या कातडीला तिच्यापेक्षा चांगली पट्टी वाटेत कुठे मिळणार नाही.